नाडी अनियमित आणि विसरणंही वाढलंय? दोन्हीची फाईल एकच ठेवा: घरच्यांसाठी सविस्तर गाईड

घरात पासष्टीच्या पुढचं कोणी असेल, बीपी किंवा शुगरची गोळी चालू असेल आणि हल्ली विसरायला लागलेत, हिशोबात अडकतात, असं वाटत असेल तर एक काम आजच करा, त्यांची नाडी बघा. खरंच. डोक्याचा एमआरआय, न्यूरोची अपॉइंटमेंट, ब्राह्मीची गोळी हे सगळं नंतर, कारण मनगटावर तीन बोटं ठेवायला पैसे लागत नाहीत आणि त्यातून जे सापडतं त्यावर बऱ्याचदा नीट उपचार असतो.

हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा एक प्रकार आहे, एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टर लोक एएफ म्हणतात. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावायच्या ऐवजी नुसते थरथरतात, मिनिटाला 350 च्या वर, आणि त्यातले काही ठोके खाली पोचतात काही नाही, त्यामुळे नाडी कशीही पडते, दोन जवळ, मग एक लांब, मग तीन पटपट. वरच्या डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, तिथं रक्त साचून गुठळी होते, ती सुटून मेंदूत गेली की लकवा, म्हणजेच स्ट्रोक. स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट होतो हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. स्मरणशक्तीचा भाग मात्र ओपीडीत क्वचितच कोणी सांगतं.

दक्षिण कोरियात 60 च्या पुढच्या, आधी स्ट्रोक न झालेल्या 2,62,611 लोकांचा अभ्यास 2019 मध्ये छापून आला, त्यात एएफ झालेल्यांमध्ये डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका साधारण दीडपट निघाला, आणि मधे स्ट्रोक झालेले लोक बाजूला काढले तरी 27% जास्तच. म्हणजे लकवा झाला म्हणून डोकं गेलं एवढं सरळ नाहीये. त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या स्विस-एएफ अभ्यासात एएफच्या पेशंटचे मेंदूचे एमआरआय काढले तेव्हा ज्यांना आयुष्यात कधी स्ट्रोकचं लक्षणही जाणवलं नव्हतं अशांपैकी 18% लोकांच्या मेंदूत मोठ्यातल्या इन्फार्क्टच्या खुणा होत्या, इन्फार्क्ट म्हणजे रक्त न पोचल्याने मेलेला भाग. गुपचूप झालेलं नुकसान. शिवाय वरचे कप्पे नीट पिळले गेले नाहीत की हृदय दर ठोक्याला कमी रक्त टाकतं, आमच्या नाशिकच्या सिडकोत तिसऱ्या मजल्यावर नळ चालू असतो पण प्रेशर नसतं तसं, मेंदूला रक्त जातं पण कमीजास्त जातं. आणि बीपी, शुगर, घोरण्याचा आजार, जाडी, दारू ही मंडळी हृदय आणि मेंदू दोघांनाही एकाच वेळी पोखरत असतात. त्यामुळे कुठलं नुकसान कशामुळे हे वेगळं काढता येत नाही, आणि घरच्यांना ते काढायची गरजही नाही.

घरच्यांना कळायला हवं ते हे, की जो माणूस विसरायला लागलाय त्यालाच रक्त पातळ करायची अशी गोळी दिली जाते जी एकदाही विसरून चालत नाही. गोळी चुकली की गुठळी, गुठळीने मेंदूचं अजून नुकसान, त्याने विसरणं अजून वाढतं, मग गोळ्या अजून चुकतात. हे चक्र घरात तुटतं, हॉस्पिटलमध्ये नाही. म्हणून या गाईडमध्ये गोळ्यांचा भाग मोठा आहे आणि आजाराची माहिती कमी.

आधी नाडी

माणसाला पाच मिनिटं शांत बसवा, चहा झाल्या झाल्या नको, जिना चढून आल्यावर तर नकोच. डावा हात तळवा वर करून मांडीवर. अंगठ्याच्या बाजूने मनगटाच्या घडीखाली दोन बोटं अंतरावर एक हाड लागतं, त्याच्या आतल्या बाजूला जो खळगा आहे तिथं तुमची मधली तीन बोटं ठेवा, अंगठा नाही कारण अंगठ्यात स्वतःचीच नाडी लागते. हलकं दाबा, जोरात दाबलं की नाडी गायब होते. आता पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय इथं उपयोगाची नाही, अनियमित नाडीत तो आकडा फसवतो.

आकड्यापेक्षा ताल महत्त्वाचा. नाडीबरोबर पायाने ठेका धरून बघा. ठेका धरता येतोय आणि मधेच एखादा ठोका चुकतोय तर ते बहुतेकदा साधे जादा ठोके असतात, डॉक्टरांना सांगा पण घाबरू नका. ठेका धरताच येत नाही, प्रत्येक ठोका वेगळ्याच वेळी येतोय, तर एएफचा संशय घ्यायचा. आणि नाडी 50 च्या खाली आहे आणि चक्कर, डोळ्यासमोर अंधारी, थकवा असं काही सोबत आहे तर तो वेगळा विषय, त्यात हार्ट ब्लॉक, म्हणजे ठोक्याचा विजेचा संदेश अडणं, असू शकतो, पेसमेकर लागू शकतो, तिथं थांबायचंच नाही. हळू नाडीनेही माणूस सुस्त, मंद, गोंधळलेला वाटतो आणि घरचे म्हणतात वय झालं.

घरी डिजिटल बीपी मशीन असेल तर त्यावर अनियमित ठोक्यांचं चिन्ह येतं का बघा, हृदयाचं छोटं चित्र लुकलुकतं. एएफमध्ये मशीनचं रीडिंग दर वेळी वेगळं येतं, म्हणून एका बैठकीत तीनदा घ्यायचं आणि सरासरी धरायची.

आणि हो, छातीत धडधड होत नाही म्हणजे एएफ नाही असं अजिबात नाही. बऱ्याच लोकांना काहीच जाणवत नाही, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना.

मग ईसीजी, आणि तो कागद सांभाळणं

नाडी वेडीवाकडी लागली की दोन दिवसांनी जाऊ असं करू नका, त्याच वेळी घराजवळच्या ज्या फिजिशियनकडे ईसीजी मशीन आहे तिथं जा. बऱ्याच जणांचा एएफ सुरुवातीला येतो-जातो, संध्याकाळी असतो सकाळी नसतो, आणि सकाळी काढलेला ईसीजी नॉर्मल आला की सगळे निश्चिंत होतात. ईसीजी नॉर्मल आला पण तुम्हाला घरी परत परत तसं लागतंय तर 24 तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठेवायचं ईसीजी मशीन, लावायला सांगा, किंवा जास्त दिवसांचा. ईसीजीची सोय असलेलं घड्याळ असेल तर त्याची पीडीएफ काढून दाखवा, पण घड्याळावर निदान ठरत नाही, डॉक्टरांनी ईसीजी वाचल्यावरच ठरतं.

ईसीजीचा कागद थर्मल असतो, हळूहळू पांढरा पडतो. त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि मोबाईलमध्ये फोटो घ्या, तारखेसकट. तीन वर्षांनी कोणी विचारलं की पहिल्यांदा कधी दिसलं होतं तर हातात कोरा गुलाबी चौकटींचा कागद असतो बहुतेकांच्या.

ईसीजीबरोबर टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), टीएसएच (थायरॉईडची तपासणी), क्रिएटिनीन (किडनीची), हिमोग्लोबिन हे लागतंच. इकोमध्ये झडपा कशा आहेत ते नीट विचारून घ्या, आपल्याकडे लहानपणी संधिवाताचा ताप येऊन झडप खराब झालेले लोक अजून आहेत आणि त्यांचं औषध वेगळं असतं, ते खाली येईलच.

विसरण्याची नोंद, चार आठवडे

आमच्याकडे सासरे, घरात सगळे दादा म्हणतात, नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झालेले, आकड्यांना एकदम पक्के. त्यांना नातवंडांची नावं, कोण कधी आलं होतं, जुन्या शिफ्टच्या गोष्टी सगळं लख्ख आठवायचं, त्यामुळे कोणाच्या मनातही आलं नाही. बिघडलं होतं ते वेगळंच. भाजीबाजारात चार जिन्नस घेतले की बेरीज सुटायची नाही, हातातल्या नोटा तशाच पुढे करून "बघ रे किती होतात" असं भाजीवाल्यालाच म्हणायचे. इनो घेतलं का गोळी घेतली ते सांगता यायचं नाही. गॅस बुक करायला बसले की अर्ध्यात फोन खाली.

हे मुद्दाम सांगतेय कारण रक्तपुरवठ्यामुळे जो मेंदू थकतो त्यात सुरुवातीला नावं-चेहरे जातीलच असं नाही, आधी वेग जातो, लक्ष लागत नाही, एकामागोमाग एक करायची कामं गडबडतात. म्हणून "आजी मी कोण ओळखा पाहू" हा जो प्रकार पाहुणे करतात तो बंद करा, त्यातून काही कळत नाही आणि माणूस दुखावतो.

वहीत लिहा, रोज नको, घडेल तेव्हा. काय घडलं, किती वाजता, त्या दिवशी झोप-ताप-बद्धकोष्ठता काही होतं का. यूपीआयचा पिन, आमटीत मीठ दोनदा, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ, एकच प्रश्न तासाभरात चारदा. आणि बदल हळूहळू झाला की एकदम एका दिवशी पायरी उतरल्यासारखा, हे नक्की लिहा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात. एक-दोन दिवसांत एकदम गोंधळ वाढला, बडबड सुरू झाली तर तो डिमेन्शिया समजू नका, लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, नवीन गोळी असं काहीतरी असतं, लगेच दाखवायचं.

वही घेऊन गेलात की डॉक्टर मोका नावाची चाचणी घेऊ शकतात, 30 मार्कांची, मराठीतही आहे, दहा-पंधरा मिनिटं लागतात, घड्याळ काढायला सांगतात, आकडे उलटे म्हणायला सांगतात. 26 च्या खाली म्हणजे लगेच डिमेन्शिया असं नसतं, शिक्षण कमी असेल तर मार्क तसेही कमी येतात. कानाचं मशीन, चष्मा लावूनच बसवा, ऐकूच आलं नाही तर मार्क जाणारच ना. सोबत बी-12 आणि टीएसएच करून घ्याच. आपल्यातल्या शाकाहारी घरांत बी-12 कमी निघणं अगदी नेहमीचं आहे आणि ते भरून काढता येतं.

रक्त पातळ करायची गोळी

एएफ ठरला की गोळी द्यायची का नाही हे डॉक्टर मार्क मांडून ठरवतात: वय 65 च्या वर, 75 च्या वर, बीपी, शुगर, हार्ट फेल्युअर, आधीचा स्ट्रोक, रक्तवाहिन्यांचा आजार. तुम्ही फक्त एक प्रश्न स्पष्ट विचारा, "यांना रक्त पातळ करायची गोळी का द्यायची किंवा का नाही द्यायची?" उत्तर फाईलवर लिहून घ्या.

दुसरं म्हणजे इकोस्प्रिन, म्हणजे ॲस्पिरिन, चालू आहे म्हणजे काम झालं असं नाही. हा गैरसमज फार आहे, पंचवटीपासून देवळालीपर्यंत. 2011 च्या एका मोठ्या ट्रायलमध्ये एएफच्या पेशंटना ॲस्पिरिन विरुद्ध अपिक्साबान ही रक्त पातळ करायची नवीन गोळी देऊन बघितलं, अपिक्साबानवाल्यांना स्ट्रोक निम्म्याहून कमी झाले आणि मोठा रक्तस्राव जवळपास सारखाच. तेव्हा पोटाला बरी, स्वस्त, जुनी सवयीची म्हणून ॲस्पिरिनवर भागवू नका.

आता स्मरणशक्तीचं. स्वीडनमधल्या 4,44,106 एएफ पेशंटच्या नोंदी 2018 मध्ये आल्या, सुरुवातीपासून रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यांमध्ये डिमेन्शिया 29% कमी दिसला. मस्त वाटतं ऐकायला, पण ते नोंदींवरून काढलेलं आहे, जे लोक गोळी नीट घेतात ते बाकीचंही नीट करतात हे त्यात मिसळलेलं असणार. कॅनडातल्या ब्रेन-एएफ ट्रायलमध्ये स्ट्रोकचा धोका कमी असलेल्या तरुण-मध्यमवयीन एएफ पेशंटना रिव्हारोक्साबान, अशीच एक नवीन गोळी, देऊन बघितलं, 2024 मध्ये निकाल आला, बुद्धीची घसरण थांबवण्यात काही फायदा नाही. म्हणून माझं मत असं, गोळी घ्यायची ती स्ट्रोक टाळायला, ज्यांना लागू आहे त्यांनी न चुकता, आणि पन्नाशीतल्या धाकट्या भावाने "मेंदूसाठी चांगली" म्हणून मागायची नाही.

कोणती गोळी हे झडपेवरून ठरतं. कृत्रिम धातूची झडप असेल किंवा मायट्रल झडप चांगलीच अरुंद झालेली असेल तर ॲसिट्रोम किंवा वॉर्फरिन या जुन्या गोळ्या, त्यात महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय तो आकडा, तपासावा लागतो, साधारण 2 ते 3 मधे ठेवतात, धातूच्या झडपेला कधी त्याहून जास्त. मेथी-पालक-कोथिंबीर बंद करायची नाही, आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खात राहा, एक आठवडा मेथीची रेलचेल आणि पुढच्या आठवड्यात शून्य असं झालं की आयएनआर नाचतो. बाकीच्यांना नवीन गोळ्या चालतात, डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान, जेनेरिक मिळतात. रिव्हारोक्साबानचा 20 चा डोस जेवणाबरोबरच, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही, त्यामुळे एकादशीला काय खाणार ते आधी ठरवा. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडायची नाही आणि मूळ पाकिटातून काढून डबीत भरायचीही नाही, ओल धरते. दर सहा महिन्यांनी, ऐंशीच्या पुढे त्याहून लवकर, क्रिएटिनीन आणि वजन बघून डोस बरोबर आहे का विचारा.

डबी, आणि ती कोण भरणार

सात दिवसांची सकाळ-संध्याकाळ खण असलेली प्लॅस्टिकची डबी मेडिकलमध्ये मिळते. ती भरायचं काम पेशंटचं नाही. घरातल्या एका, फक्त एकाच माणसाचं, ठरलेल्या वारी. आमच्याकडे रविवारी दुपारी मी भरते, पाकीट संपत आलं की त्याच वेळी कळतं, बुधवारी रात्री नऊला मेडिकल शोधत फिरावं लागत नाही. डबी देवघराच्या शेजारी, कारण दादा सकाळी पूजा चुकवत नाहीत, गोळी अशा कामाला बांधायची जे हात आपोआप करतात. फोनचा अलार्म म्हाताऱ्या माणसाला बंद करायचं कळतं आणि बंद का केला ते कळत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

खण रिकामा दिसला पाहिजे, "घेतली" हे शब्द पुरावा नाहीत. आणि हे वकिलासारखं विचारायचं नाही, "दादा, पाणी आणू का गोळीला?" एवढंच. एखादा डोस राहिला तर लक्षात आल्यावर त्या दिवशी घ्यायचा, पुढच्याची वेळ झालीच असेल तर राहू द्यायचा, पण दोन एकदम कधीच नाही, आणि घेतली की नाही हेच माहीत नसेल तर डॉक्टरांना फोन. नवीन गोळ्यांचा परिणाम साधारण एका दिवसात उतरतो, म्हणून पाकीट संपवून चार दिवस तसंच राहणं सगळ्यात धोक्याचं. घरी दहा दिवसांचा जादा साठा ठेवा.

गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो. दात काढायचाय, मोतीबिंदू आहे, कोलोनोस्कोपी आहे तर गोळी थांबवायची की नाही हे लिहून घ्या आणि परत कधी सुरू करायची तेही, कारण थांबवतात सगळे, सुरू करायला विसरतात. काळी शौच, लघवीतून रक्त, डोक्याला मार लागला तर बाहेरून काही दिसत नसलं तरी हॉस्पिटल. बाथरूममध्ये घसरून पडलेल्या माणसाच्या डोक्यात रक्त हळूहळू साचतं, कधी दोन-तीन आठवड्यांनी तो झोपाळू, गोंधळलेला होतो आणि घरचे परत म्हणतात विसरणं वाढलं.

दोन डॉक्टर, एक फाईल

हृदयाचे डॉक्टर गंगापूर रोडला, मेंदूचे डॉक्टर दुसरीकडे, आणि दोघांच्या फाईली दोन वेगळ्या पिशव्यांत, हे नेहमीचं चित्र. यात नुकसान काय होतं बघा. स्मरणशक्तीसाठी डोनेपेझिल देतात, त्याने हृदयाची गती कमी होते. नाडीसाठी मेटोप्रोलोल किंवा डिगॉक्सिन आधीच चालू असेल तर दोन्ही मिळून नाडी चाळिशीत जाऊ शकते आणि माणूस उभ्या उभ्या कोसळू शकतो. डोनेपेझिल सुरू करण्याआधी ईसीजी झाला का, एवढं विचाराच, आणि सुरू केल्यावर पहिले काही आठवडे रोज नाडी बघा. ठोक्यांच्या तालासाठी अमिओडॅरोन चालू असेल तर थायरॉईड बिघडू शकतं, आणि थायरॉईड कमी झालं की माणूस मंद, सुस्त, विसराळू, म्हणून सहा महिन्याला टीएसएच. डिगॉक्सिन अंगात साचलं, किडनी कमकुवत असेल तर विशेष, की मळमळ, भूक जाणं आणि गोंधळ. झोपेसाठी अल्प्राझोलाम, सर्दीसाठीच्या जुन्या पद्धतीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या (सेटिरिझिनसारख्या नव्या नव्हे), याही डोकं बधिर करतात.

म्हणून एकच प्लॅस्टिक फोल्डर. पहिल्या पानावर सगळ्या गोळ्या डोससकट, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीसुद्धा. दुसऱ्या पानावर ईसीजीची झेरॉक्स. मग इको, मग वही. दोन्हीकडे तेच फोल्डर.

बाकीचं, पण बाकीचं म्हणून सोडू नका

बीपी. 2019 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंट माइंड अभ्यासात वरचं बीपी 120 च्या खाली ठेवलेल्या गटात सौम्य स्मृतिदोष कमी झाला. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला एवढं खाली आणायचं नसतं, चक्कर येते, पण 150-160 ला "वयाला ठीक आहे" म्हणून सोडून देणं हे नक्कीच ठीक नाही.

दारू. आपण वाईनच्या गावात राहतो, पाहुणे आले की गंगापूर धरणाकडची चक्कर ठरलेली, पण एएफवाल्याने सोडलेली बरी. ऑस्ट्रेलियात पिणाऱ्या 140 एएफ पेशंटवर 2020 मध्ये अभ्यास आला, ज्यांनी बंद केली त्यांच्यात सहा महिन्यांत एएफ परत आला 53% लोकांना, ज्यांनी चालू ठेवली त्यांच्यात 73%. रेड वाईन हृदयाला चांगली, हे वाक्य इथं लागू नाही.

घोरणं, मधेच श्वास अडकणं, दिवसा पेंगणं असेल तर स्लीप स्टडी. चालणं, कृषीनगर जॉगिंग ट्रॅक असो की कॉलनीतली गल्ली, सोबत कोणीतरी हवं, कारण गप्पाही औषधच आहेत आणि पडल्यावर उचलायलाही कोणी लागतं.

ॲब्लेशनबद्दल, म्हणजे नळी घालून हृदयातला बिघाड करणारा भाग निकामी करण्याबद्दल, विचाराल तर काही जणांना खूप उपयोगी आहे, विशेषतः धाप-धडधड असलेल्यांना, पण त्याने डिमेन्शिया टळतो हे ठामपणे सिद्ध झालेलं नाही, त्या आशेवर लाखो रुपये काढू नका. इतर कारणासाठी डॉक्टर सुचवत असतील तर करा, आणि सरकारी योजनेत किंवा मेडिक्लेममध्ये काय बसतं ते आधी विचारून घ्या.

लकव्याची तयारी आधीच

चेहरा एका बाजूला वाकला, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, यातलं काहीही एक दिसलं की घड्याळ बघून वेळ लिहा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत देतात, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते देता येईल की नाही हे शेवटचा डोस कधी घेतला त्यावर ठरतं, म्हणून डबीचा फोटो काढून सोबत न्या, फोल्डर न्या. तोंडात पाणी, साखर, गोळी काही घालायचं नाही. 108 लावा किंवा गाडी काढा, जे लवकर होईल ते.

कुठं न्यायचं हे आज ठरवा. दोन हॉस्पिटलला फोन करून विचारा, रात्री दोनला सीटी स्कॅन होतो का, न्यूरोचे डॉक्टर येतात का. मालेगाव, सटाणा, पेठच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर हे विचारून ठेवाच, कारण आधी सीटी नसलेल्या ठिकाणी नेलं आणि तिथून नाशिकला पाठवलं यात तीन तास सहज जातात. आणि 2027 च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी पंचवटी, द्वारका, रामकुंडाकडचे रस्ते बंद असणार, नदीच्या त्या बाजूला राहत असाल तर त्याच बाजूचं एक हॉस्पिटल पक्कं करून त्याचा नंबर फोल्डरच्या कव्हरवर चिकटवा.